वनएल्फांचा वसा : आधुनिक अद्भुतिकेतील निसर्गपूजक पुरोहितवर्ग आणि परंपरेचे जतन

१

आधुनिक पाश्चात्त्य अद्भुतिकेत अरण्य आणि अरण्यात राहणारे एल्फ ही जोडी इतकी परिचित झाली आहे की तिच्याविषयी स्वतंत्र प्रश्न उपस्थित करण्याची गरज अभ्यासकांना सहसा वाटत नाही. हिरव्या वस्त्रांतील धनुर्धर, वृक्षांवरील निवास, निसर्गाशी तादात्म्य आणि माणसाविषयी काहीसा दुरावा अशा ठरावीक वैशिष्ट्यांच्या आधारे या वनएल्फांची ओळख सांगितली जाते. त्यांच्या निसर्गपूजेकडे औद्योगिक समाजाला कंटाळलेल्या मनाचे स्वप्नरंजन म्हणून पाहिले जाते. हे स्पष्टीकरण पूर्णतः चुकीचे नसले तरी अपुरे आहे. कारण वनएल्फांच्या या दीर्घ साहित्यिक प्रवासात एक लक्षणीय बदल घडला आहे आणि स्वप्नरंजनाच्या उपपत्तीने त्याचा उलगडा होत नाही. टॉल्किनच्या वनएल्फांमध्ये पुरोहित नाहीत. त्यांच्यानंतर निर्माण झालेल्या कल्पित विश्वांतील वनएल्फांमध्ये मात्र पुरोहितवर्ग आहे, त्याला निश्चित कर्तव्ये आहेत आणि समाजाची सारी परंपरा त्याच्या स्वाधीन आहे. हा पुरोहित कोठून आला आणि त्याची गरज का निर्माण झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विवेचनासाठी प्रामुख्याने दोन विश्वांचा आधार घेतला आहे. पहिले जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबऱ्यांतील. दुसरे १९९४ पासून विकसित होत गेलेल्या 'द एल्डर स्क्रोल्स' या संगणकीय खेळमालिकेतील. खेळाचा साहित्याच्या अभ्यासात समावेश करण्याविषयी शंका घेतली जाण्याचा संभव आहे. परंतु या मालिकेतील विश्व प्रामुख्याने शब्दांतून उभे राहिले आहे. त्या विश्वातील कल्पित ग्रंथकारांनी लिहिलेली म्हणून शेकडो पुस्तके, आख्याने, प्रवासवर्णने आणि धर्मविषयक टिपणे खेळात विखुरलेली आहेत. ती परस्परविरोधी आहेत आणि त्यांना कोणी एक लेखक नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित वाटू नये.

संज्ञेविषयीही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात १९३९ साली परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात टॉल्किन यांनी लेखक हा दुय्यम सृष्टीचा निर्माता असतो असा सिद्धान्त मांडला. त्या सृष्टीत वाचकाचे मन प्रवेश करते आणि आत असेपर्यंत तिचे नियम त्याला खरे वाटतात. विश्वामित्राच्या कथेमुळे मराठीत रूढ झालेला 'प्रतिसृष्टी' हा शब्द या कल्पनेच्या जवळ जाणारा आहे आणि येथे तो त्याच अर्थाने योजला आहे.

२

टॉल्किन यांच्या प्रतिसृष्टीत वनएल्फांचे दर्शन प्रथम 'द हॉबिट'मध्ये घडते. मर्कवुडच्या अंधाऱ्या अरण्यात भुकेने व्याकूळ झालेल्या बुटक्यांना झाडांमधून दिवे दिसतात, मेजवानी दिसते, गाणे ऐकू येते. परंतु त्यांनी त्या वर्तुळात पाऊल टाकताच दिवे विझतात आणि सर्व काही नाहीसे होते. या प्रसंगात विधीची सर्व सामग्री आहे. वर्तुळ आहे, अग्नी आहे, गायन आहे, परक्याला प्रवेश निषिद्ध आहे. नाही तो फक्त पुरोहित. राजा मेजवानीच्या अग्रभागी असतो, पण तो यजमान म्हणून, उपासक म्हणून नव्हे.

ही अनुपस्थिती योगायोगाची नाही. १९५३ साली लिहिलेल्या एका पत्रात टॉल्किन यांनी आपल्या कल्पित जगातून धर्म, पंथ आणि उपासनाविधी यांचे उल्लेख जवळजवळ पूर्णपणे वगळल्याचे सांगितले आहे. धार्मिक आशय कथेतच मुरलेला आहे, अशी त्यांची भूमिका होती. तेव्हा एल्फांना देवालय नसणे हे लेखकाच्या धोरणाशी सुसंगतच आहे. परंतु केवळ धोरणाचा दाखला देऊन प्रश्न संपत नाही, कारण त्याच प्रतिसृष्टीतील माणसांना विधी आहेत. गोंडोरचे लोक भोजनापूर्वी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहतात. टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'अनफिनिश्ड टेल्स' (१९८०) या संग्रहात न्यूमेनॉर बेटाचा राजा वर्षातून तीन वेळा पर्वतशिखरावर जाऊन प्रार्थना उच्चारतो असे वर्णन आहे. म्हणजे ज्यांना मृत्यू आहे त्यांना ठरलेली वेळ, ठरलेली दिशा आणि ठरलेला उच्चारक आहे. एल्फ मात्र चालता चालता एल्बेरेथचे नाव घेऊन गातात. त्यासाठी त्यांना तिथी लागत नाही आणि मध्यस्थही लागत नाही.

या भेदाचे मूळ एल्फांच्या अमरत्वात शोधावे लागते. टॉल्किन यांचे एल्फ शस्त्राने अथवा शोकाने मरू शकतात, पण वार्धक्याने मरत नाहीत. लोथलोरिएनच्या सुवर्णवनात ज्या घटना माणसाला दंतकथा वाटतात त्यांची साक्षीदार असलेली गॅलाड्रिएल प्रत्यक्ष समोर उभी असते. जिथे आद्य पिढीच जिवंत आहे तिथे तिची आठवण जपण्यासाठी वेगळा वर्ग कशाला हवा? परंपरा या शब्दात एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची क्रिया गृहीत आहे. देणारा कधी जाणारच नसेल तर त्या क्रियेला निकड राहत नाही. एल्फांमध्ये विद्वान आहेत, इतिहासाचे जाणकार आहेत. जतनासाठी नेमलेला पुरोहित मात्र नाही.

असे असूनही टॉल्किन यांनी या व्यवस्थेतील उणीव ओळखली होती असे दिसते. लोथलोरिएनच्या सीमेवर निम्रोडेल नदीकाठी लेगोलास त्या नावाच्या एल्फकन्येचे गीत गाऊ लागतो आणि मध्येच थांबतो. उरलेले गीत आपण विसरलो आहोत, असे तो सांगतो. वाचक हा प्रसंग सहसा करुणरसाचा म्हणून वाचतात. वस्तुतः त्यात एक गंभीर सूचना आहे. अमर माणूसही विसरतो आणि तो विसरला तर त्याला आठवण करून देण्याची जबाबदारी कोणावरही नसते. 'अनफिनिश्ड टेल्स'मधील टिपणांत ही सूचना अधिक स्पष्ट होते. मर्कवुड आणि लोथलोरिएन या दोन्ही राज्यांत मूळचे वनएल्फ बहुसंख्य होते, पण राज्यकर्ते बाहेरून आलेल्या सिंडार कुळातील होते. मर्कवुडच्या राजकुळाचा मूळ पुरुष ओरोफर याने तर वनएल्फांची भाषा आणि रीती आपल्याशा केल्या होत्या, कारण त्याला त्यांचे साधे जीवनच हवे होते. तरीही तिसऱ्या युगाच्या अखेरीस वनएल्फांची स्वतःची भाषा व्यवहारातून नष्ट झाली आणि व्यक्तींच्या व स्थळांच्या काही नावांपुरती उरली. भाषेचे भाषक मेले नव्हते, तरी भाषा मेली. जिवंत स्मृती परंपरेची हमी देत नाही, ही गोष्ट टॉल्किन यांच्याच सामग्रीतून निष्पन्न होते.

३

टॉल्किननंतरच्या अद्भुतिकेत ही उणीव भरून काढणारा पुरोहित आला तो प्राचीन केल्ट समाजातील ड्रुइडांच्या रूपाने. ड्रुइडांविषयीची प्राचीन माहिती प्रामुख्याने रोमन लेखकांकडून मिळते. ज्युलिअस सीझर याने गॉलच्या युद्धावरील ग्रंथाच्या सहाव्या भागात लिहिले आहे की ड्रुइडांचे काही शिष्य वीस वर्षे अध्ययन करतात, असंख्य पद्ये मुखोद्गत करतात आणि आपली विद्या लिहून ठेवणे निषिद्ध मानतात. लेखनावर विसंबल्यास स्मरणशक्ती क्षीण होते आणि विद्या सर्वांच्या हाती पडते, अशी दोन कारणे तो सुचवतो. थोरल्या प्लिनीने ओक वृक्षावरील बांडगूळ सोन्याच्या कोयत्याने कापणाऱ्या शुभ्रवस्त्रधारी पुरोहिताचे चित्र रंगवले आहे. या दोन वर्णनांपैकी आधुनिक कल्पनेने स्वीकारले ते मुख्यतः प्लिनीचे. कोयता, ओक आणि शुभ्र वस्त्र ही दृश्य सामग्री उचलली गेली. वीस वर्षांचे पाठांतर मागे पडले.

१९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात दोन वर्षांनी, १९७६ च्या पुरवणीत, ड्रुइड हा खेळाडूने धारण करण्याचा एक वर्ग म्हणून दाखल झाला. याच खेळात पुढे एल्फांच्या देवमंडळाचे वर्णन आले. त्यात वनएल्फांचा देव म्हणून रिलिफेन रॅलाथिल येतो. हा देव एका अतिविशाल ओक वृक्षाच्या स्वरूपात कल्पिला असून त्याची मुळे सृष्टीतील सर्व वनस्पतींच्या मुळांशी गुंतलेली आहेत. त्याचे पुरोहित वनाचे रक्षण करतात. एल्फ आणि ड्रुइड या दोन वेगवेगळ्या परंपरांतील आकृती येथे जोडल्या गेल्या आणि वनएल्फांना प्रथमच निश्चित पुरोहितवर्ग लाभला.

मात्र हा पुरोहित रक्षण करतो ते झाडांचे. परंपरेचे रक्षण हे त्याचे आनुषंगिक काम आहे. त्याच्या हाती मंत्रसामर्थ्य आहे, ऋतूंनुसार उत्सव आहेत, शत्रूपासून वन वाचवण्याची शपथ आहे. आपला समाज असा का वागतो, हे सांगणे त्याच्या कर्तव्यांत ठळकपणे येत नाही. सीझरने वर्णिलेला, पद्ये मुखोद्गत करणारा ड्रुइड अद्भुतिकेत यायला आणखी काही काळ जावा लागला.

४

'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतील वनएल्फांना बॉस्मर असे नाव असून व्हॅलेनवुड हे त्यांचे अरण्य आहे. ते माणसांपेक्षा दीर्घायुषी असले तरी मर्त्य आहेत. त्यांचा प्रमुख देव यिफ्रे. साम्राज्यातील विविध श्रद्धांची नोंद करणाऱ्या, त्याच विश्वातील एका ग्रंथात बॉस्मरांची सृष्टिकथा सारांशाने दिली आहे. मर्त्य जग निर्माण झाले तेव्हा सर्वत्र गोंधळ होता. आद्य जीव क्षणात वनस्पती होत, क्षणात पशू होत आणि पुन्हा पूर्वरूपात येत. तेव्हा यिफ्रेने स्वतःचे रूपांतर पृथ्वीच्या अस्थींमध्ये, म्हणजे निसर्गनियमांमध्ये केले आणि सृष्टीला स्थैर्य आले. त्याने पहिल्या बॉस्मरांना दिलेल्या बोधामुळे त्याला कथेकरी असेही म्हणतात.

या मिथकात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. निसर्गनियम घालून देणारा आणि कथा सांगणारा हे एकच दैवत आहे. झाड हे झाड राहते आणि बॉस्मर हा बॉस्मर राहतो, कारण त्याचे रूप कोणीतरी सांगितलेले आहे. या भूमिकेतूनच 'हरित करार' उद्भवतो. यिफ्रेने बॉस्मरांना आकार दिला आणि व्हॅलेनवुडचे अरण्य निवासासाठी दिले. मोबदल्यात त्यांनी त्या अरण्यातील वनस्पतींना इजा करायची नाही. फळ तोडायचे नाही, लाकूड तोडायचे नाही, धान्य पेरून कापायचे नाही. करार मोडणाऱ्याची शिक्षा मरणाहून निराळी आहे. तो आपला आकार गमावतो आणि 'ऊझ' नावाच्या निराकार, लिबलिबित राशीत मिसळतो. आकार हे करारपालनाचे फळ असल्याने करारभंगाची परिणती निराकारातच होणार, हे तर्कशुद्ध आहे.

या कराराचे परिणाम लेखकांनी प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेले आहेत आणि त्यामुळे हे चित्र भाबड्या निसर्गप्रेमापासून दूर जाते. वनस्पती निषिद्ध असल्याने बॉस्मर मांसाहारी आहेत. त्यांचे मद्य आंबवलेल्या मांसाचे अथवा डुकराच्या आंबवलेल्या दुधाचे असते. घरे, भांडी, धनुष्ये यांसाठी हाडे आणि कातडी वापरली जातात. युद्धात मारलेल्या शत्रूचे शरीर वाया जाऊ द्यायचे नाही, ते तीन दिवसांच्या आत खाऊन संपवायचे, असा मांसाविषयीचा दंडक आहे. त्यात नातेवाइकांची मदत घेण्याची मुभा आहे आणि मोठ्या युद्धापूर्वी योद्धे उपवास करतात असेही सांगितले जाते. वाचकाला हे बीभत्स वाटते, परंतु येथे बीभत्स रस कराराची किंमत दाखवण्याचे काम करतो. निसर्गपूजेचा अर्थ निसर्गाविषयी कोमल भावना बाळगणे एवढाच असता तर तिला पुरोहिताची गरज भासली नसती. जी पूजा रोजच्या जेवणात, घरबांधणीत आणि युद्धात गैरसोय निर्माण करते, तिचे कारण प्रत्येक पिढीला नव्याने पटवून द्यावे लागते.

५

हे पटवून देण्याचे काम बॉस्मर समाजात यिफ्रेच्या पुरोहितांकडे आहे. त्यांना 'स्पिनर' असे नाव असून 'द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' (२०१४) या खेळात त्यांचे चित्रण विस्ताराने आले आहे. स्पिनर म्हणजे सूत कातणारा. इंग्रजीत गोष्ट रचून सांगण्याला सूत कातण्याची उपमा देण्याची जुनी रूढी आहे, तिच्यावर हे नाव आधारलेले आहे. मराठी वाचकाला येथे एक गमतीदार योगायोग जाणवेल. 'सूत' म्हणजे धागा आणि 'सूत' म्हणजे शौनकादी ऋषींना पुराणे सांगणारा निवेदक. दोन्ही शब्दांची व्युत्पत्ती भिन्न आहे. एक 'सूत्र'पासून आलेला तद्भव, तर दुसरा संस्कृतातून तसाच आलेला. तथापि धागा आणि कथन यांच्या साहचर्याची कल्पना आपल्याला नवी नाही. कथासूत्र, कथा गुंफणे हे प्रयोग त्याची साक्ष देतात.

स्पिनरांचे वेगळेपण त्यांच्या साधनात आहे. विधी करणे, विवाह लावणे ही पुरोहिताची कामे त्यांना आहेतच, पण त्यांचे मुख्य साधन कथा हे आहे. ते कायद्याचे कलम सांगत नाहीत, ते कलम कशामुळे आले याची गोष्ट सांगतात. करार मोडल्यास ऊझ होते, हे विधानसुद्धा त्या विश्वात दृष्टान्तकथेच्या रूपाने भेटते. कायदा आणि कथा यांतील हा फरक महत्त्वाचा आहे. कायद्याच्या पालनासाठी शिक्षेचे भय पुरेसे असते. कथा ऐकणाऱ्याला मात्र त्या करारातील एक पक्ष बनवते, कारण ती त्याच्याच आकाराची गोष्ट असते.

टॉल्किन यांच्या वनएल्फांशी तुलना केली असता स्पिनरांचे प्रयोजन स्पष्ट होते. यिफ्रे आता उपलब्ध नाही. तो निसर्गनियमांत विरून गेला आहे. पहिले बॉस्मर मरून गेले आहेत. मूळ वक्ताही नाही आणि मूळ श्रोतेही नाहीत, अशा स्थितीत शब्द तेवढा उरतो. तो उच्चारला जात राहिला तरच करार चालू राहतो. स्मृती देहाबरोबर संपू लागते तेव्हा तिला वाहणारा वर्ग अवतरतो. पुरोहित ही मर्त्यांची गरज आहे. गॅलाड्रिएलच्या वनात तो नाही, व्हॅलेनवुडमध्ये आहे, याचे कारण येथे सापडते.

परंपरेच्या धारणेची जबाबदारी केवळ स्पिनरांवरच टाकलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. बॉस्मर समाजात सिल्व्हेनार आणि हरितदेवी अशी एक जोडी असते. सिल्व्हेनार हा समाजाच्या आत्मिक अंगाचा आणि हरितदेवी ही त्याच्या शारीरिक अंगाचा मूर्तिमंत आविष्कार मानली जाते. एकाचा मृत्यू झाला की दुसराही राहत नाही आणि नवी जोडी उदयास येते. सत्ता आणि शरीर या दोन्ही बाजूंनी समाज व्यक्तींत मूर्त होतो. पण ही जोडी समाजाचे आजचे रूप दाखवते. त्याला हे रूप कसे लाभले ते सांगण्याचे काम स्पिनरांचेच राहते.

६

पुरोहितवर्ग निर्माण झाल्याने परंपरा सुरक्षित होते काय, हा यापुढचा प्रश्न आहे आणि या मालिकेचे मोठेपण असे की तिने त्याचे सोपे उत्तर दिलेले नाही.

हरित करार व्हॅलेनवुडमधील वनस्पतींपुरता मर्यादित आहे. त्यामुळे बॉस्मर परप्रांतातून लाकूड आणि लाकडी वस्तू विकत घेऊ शकतात. दुसऱ्याने, दुसरीकडे तोडलेले झाड त्यांना चालते. 'स्कायरिम' (२०११) या खेळात याचे एक मार्मिक उदाहरण भेटते. रिव्हरवुड या खेड्यात राहणारा फेंडाल नावाचा बॉस्मर तेथील लाकूड कापण्याच्या गिरणीत काम करतो. तो उत्तम धनुर्धर आहे, स्वभावाने सरळ आहे आणि दिवसभर ओंडके फोडतो. त्याच्या वागण्यात अपराधीपणाचा लवलेश नाही. कराराच्या अक्षराकडे पाहिले तर त्याने काहीच मोडलेले नाही. पण त्याच्या खेड्यात स्पिनर नाही. यिफ्रेची कथा सांगणारे आणि ऐकणारे कोणी नाही. आकार दिल्याबद्दलची कृतज्ञता हा कराराचा गाभा असेल, तर तो फेंडालच्या बाबतीत शिल्लक आहे किंवा नाही हे सांगता येत नाही. खेळही ते सांगत नाही.

याच्या उलट टोकाला 'वन्य शिकार' हा प्रकार आहे. बॉस्मरांपैकी काहींना आदिम गोंधळाच्या काळाचे ज्ञान अद्याप आहे. प्रसंगी ते आपला आकार टाकून हिंस्र श्वापदांच्या झुंडीत रूपांतरित होतात आणि शत्रूचा फडशा पाडतात. परंतु एकदा गेलेला आकार परत मिळत नाही आणि शत्रू संपल्यावर ही श्वापदे एकमेकांवर तुटून पडतात. समाज वाचवण्यासाठी समाजाचा मूळ करारच मोडायचा, असा हा पेच आहे. हे ज्ञान जपणारी परंपरा आणि ते निषिद्ध मानणारी परंपरा एकच आहे, ही बाब येथे विचारात घ्यावी लागते. जे वापरायचे नाही तेही लक्षात ठेवावे लागते. ते विसरले तर निषेधाचे कारणच विसरले जाईल.

या दोन उदाहरणांवरून असे म्हणता येईल की परंपरेला दोन दिशांनी धोका संभवतो. एका बाजूला केवळ अक्षर उरते आणि त्यातून सोयीच्या पळवाटा निघतात. दुसऱ्या बाजूला परंपरेच्या रक्षणाच्या आवेशात तिचा आशयच नष्ट होतो. स्पिनराची जागा या दोहोंच्या मध्ये आहे. तो अक्षर गोठवत नाही, कारण तोंडी कथा प्रत्येक वेळी थोडी वेगळी सांगितली जाते. तो ते सोडूनही देत नाही, कारण कथेचा शेवट बदलण्याचा अधिकार त्याला नाही.

७

मराठी वाचकाने या सामग्रीकडे कसे पाहावे, हा प्रश्न शेवटी उरतो. निषिद्ध वन म्हटल्यावर सह्याद्री आणि कोकणातील देवराया आठवणे स्वाभाविक आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला आणि त्यांचे वनस्पतिशास्त्रीय महत्त्व अभ्यासकांपुढे आणले. अनेक देवरायांत वाळलेली काटकीही उचलायची नाही, असा दंडक असे. देवाला छप्परही नको असते, अशा समजुती काही ठिकाणी आढळतात. झाडाला हात लावायचाच असेल तर गुरवाकरवी कौल घेण्याची रीत आहे. हरित करार आणि देवराई यांत साम्य आहे हे उघड आहे. मात्र व्हॅलेनवुडच्या निर्मात्यांनी ती डोळ्यांपुढे ठेवली होती असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. साम्य आहे ते रचनेचे. दोन्हीकडे मर्यादित भूमी आहे, तिच्या सीमेबाहेर निषेध लागू नाही आणि निषेधाचा आधार दैवताच्या गोष्टीत आहे.

मराठी कथनपरंपरेतील अधिक जवळचा दुवा मात्र श्रावणातील कहाण्यांत सापडतो. आदित्यराणूबाईच्या कहाणीत गरीब ब्राह्मण समिधा आणि दूर्वा आणण्यासाठी रानात जातो. तेथे नागकन्या आणि देवकन्या त्याला एका वशाचे आचरण करताना दिसतात. तो त्यांच्याकडून वसा घेतो. म्हणजे येथेही व्रत रानातून, मानवेतर स्त्रियांकडून येते आणि ते टाकू नये अशी अट त्याला जोडलेली असते. पुढे तो आपल्या मुलींकडे कहाणी सांगण्यासाठी जातो. जिला ऐकायला सवड नसते त्या मुलीला दारिद्र्य येते. जी ऐकते ती सुखी राहते. ऐकण्यास नकार देणाऱ्या मुलीने दुसरा कोणताही अपराध केलेला नाही, याकडे लक्ष वेधले पाहिजे. न ऐकणे हाच व्रतभंग आहे. वसा चालू राहण्यासाठी आचरणाइतकेच कथन आणि कथनाइतकेच श्रवण आवश्यक आहे, असा या कहाणीचा निर्वाळा आहे. स्पिनरांच्या व्यवस्थेमागील तत्त्व याहून वेगळे नाही. फरक असा की कहाणी सांगायला पुरोहित लागत नाही. घरातील कोणीही स्त्री ती सांगू शकते. जतनाचे काम एका वर्गाकडे न सोपवता सर्वांना वाटून देण्याचा हा मार्ग वनएल्फांच्या कोणत्याही विश्वाने अद्याप चोखाळलेला दिसत नाही.

देवरायांच्या संदर्भात या तुलनेचे महत्त्व केवळ वाङ्मयीन राहत नाही. देवराईचे क्षेत्र नकाशावर आखता येते, तिच्यातील वृक्षांची मोजणी करता येते, तिच्या संरक्षणासाठी फलक लावता येतो. ही कामे करणे आवश्यकच आहे. परंतु काटकी का उचलायची नाही याची त्या गावची गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा उरला नाही, तर फलकाचे अक्षर फेंडालच्या करारासारखे होते. ते मोडत नाही, पण त्याच्या सीमेपलीकडे कुऱ्हाड चालवायला मज्जावही करत नाही. लोकसाहित्याच्या संकलनात देवरायांच्या स्थलकथा वृक्षांच्या नोंदींइतक्याच काळजीने टिपल्या जाव्यात, ही अपेक्षा या विवेचनातून पुढे येते.

८

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. टॉल्किन यांच्या वनएल्फांना पुरोहित नाही, कारण अमरत्वामुळे त्यांची स्मृती व्यक्तीत साठलेली आहे. तरीही लेगोलासचे अर्धवट गीत आणि वनएल्फांची लुप्त भाषा यांतून या व्यवस्थेची मर्यादा सूचित होते. त्यांच्यानंतरच्या खेळविश्वाने ड्रुइडाच्या आकृतीतून वनाचा रक्षक दिला, मात्र कथेचा रक्षक दिला नाही. तो मिळाला बॉस्मरांच्या स्पिनरांत. तेथे वनएल्फ मर्त्य झाले, निसर्गपूजा किंमत मोजायला लावणारा करार झाली आणि करार टिकवण्यासाठी कथनाला धर्मकृत्याचा दर्जा मिळाला. निसर्गपूजक पुरोहिताचे खरे क्षेत्र अरण्य नसून भाषा आहे, असे यावरून म्हणता येते. अरण्य आपल्या नियमाने वाढते. ते का तोडायचे नाही, हे मात्र कोणीतरी सांगावे लागते आणि सांगणाऱ्यासमोर कोणीतरी ऐकायला बसलेले असावे लागते.